तळाची काच

धाकट्या जावेच्या खोलीतून पाणी बाहेर आलं, ते सकाळी थोरलीच्याच पायाला लागलं. "अगं, काय सांडलंस?" म्हणत ती आत गेली, तर धाकटी जमिनीवर बसून टॉवेलने पाणी टिपत होती. माशांच्या टाकीच्या तळाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता.

टाकी धाकट्या दिराने हौसेने आणलेली. एक हॉटेल बंद पडलं, तिथून जुनीच उचललेली. चार फूट लांब, अर्धी भिंत अडवणारी. पुढे तो कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. मासे मात्र धाकटीने जिवापाड सांभाळले होते.

दोघींनी मिळून मासे बादलीत काढले. एक हातातून निसटून पलंगाखाली गेला. त्याला शोधताना दोघी आडव्या पडल्या आणि बऱ्याच दिवसांनी एकत्र हसल्या.

हसता हसता थोरलीला राहून गेलेलं सांगणं आठवलं. दिराने मध्यंतरी तिच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, "मी आता येत नाही. तिला तुम्हीच काय ते सांगा." नवऱ्याने ते बायकोच्या गळ्यात घातलं आणि ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली होती.

काचवाल्याने टाकीभोवती बोट फिरवून पाहिलं. "बाजूची काच असती तर बदलून दिली असती. इथे तळच गेलाय, आणि सांधेही कडक झालेत. आतून दुसरी काच चिकटवतो, पण टिकेल असं छातीठोक सांगत नाही. माझं ऐका, नवी घ्या. लहान घ्या."

"हीच दुरुस्त करा," धाकटी म्हणाली.

थोरली तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "कशाला त्या धुडात जीव अडकवतेस? सुटसुटीत नवी घेऊ." मग धीर करून तिने बोलूनच टाकलं, "अगं, भावजी यायचे नाहीत."

"माहितीये. मला त्यांनी तुमच्याआधीच सांगितलं."

"मग ही टाकी कशाला हवी तुला?"

"ताई, ही टाकी दुसरीकडे कुठे मावत नाही. ती आहे तोवर ती खोली माझी. लहान टाकी काय, हॉलमध्येही राहील. उद्या तिच्यामागे मलाही हॉलमध्ये यावं लागेल, आणि परवा कुठे? तुमची मुलगी मोठी झालीये. तिला खोली लागणारच."

"काहीतरीच बोलतेस!" थोरली म्हणाली खरी, पण मुलीला ती खोली द्यायचं नवरा-बायकोत कितीदा तरी बोलून झालं होतं. तिला जावेकडे बघवेना. ती बाहेर आली आणि काचवाल्याला म्हणाली, "करा दुरुस्त."

त्याने जीव ओतून काम केलं. नवी काच पक्की वाळल्यावर मागच्या अंगणात टाकी भरून पाहायचं ठरलं. धाकटी पाइप धरून उभी राहिली. अर्ध्यापर्यंत थेंब गळला नाही. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पाणी आणखी चढलं आणि मागचा सांधा वरपासून खालपर्यंत उसवला. भसाभस पाणी अंगणभर झालं.

"म्हणालो होतो मी," काचवाला पुटपुटला.

आवाज ऐकून थोरलीचा नवरा खिडकीत आला. "गेली ना? चला, कटकट मिटली. पोरीला एकदाची खोली झाली!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घरात रोज जे बोललं जायचं तेच तो मोठ्याने बोलला होता, इतकंच.

धाकटीने नळ बंद केला. "ताई, मी माझ्या दादाला न्यायला बोलावून घेते."

राहा गं, एवढंच म्हणायचं होतं. थोरलीच्या ओठांवर आलंही. पण वह्या-पुस्तकं पसरून जेवणाच्या टेबलावर अभ्यास करणारी लेक तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ती म्हणाली, "बघू, सावकाश ठरव."

सावकाश काही झालं नाही. भाऊ रविवारीच आला. मासे दुकानदाराने ठेवून घेतले. भंगारवाल्याने टाकीखालचा लोखंडी स्टँड नेला; काचांना त्याने हात लावला नाही. दारात थोरली म्हणाली, "येत जा गं." धाकटीने मान हलवली आणि रिक्षात बसली.

संध्याकाळी लेक खोलीत कपडे लावत होती. "आई, काकू परत आली तर मी कुठे जाऊ?"

"नाही यायची ती," थोरली म्हणाली आणि उशीला खोळ घालत राहिली.