नाचणाऱ्यांकडे तोंड करून

"ओइवा, तुझा उजवा पाय सकाळपासून माझ्या डोक्यावर आहे," मी दारातूनच म्हटलं. "निदान गाणं तरी ऐकू येऊ दे, म्हणजे भांडणाला काही दर्जा येईल."

ओइवाने कानांवरचा हेडफोन गळ्यात ओढला. "गाणं कॉम्प्युटरात जातं, राईली. बाहेर येतो तो फक्त पाय."

खरंच होतं ते. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारची वायर एका डबीत शिरली होती, डबीची वायर कॉम्प्युटरात. खोलीत उरली होती ती तारांची कोरडी खुटखुट आणि ठेका धरणारा पाय. तो बरोबर माझ्या झोपायच्या खोलीवर.

आमच्या इमारतीच्या समितीची मी अध्यक्ष. सौनाची वेळ संपल्यावरही कोण आत बसून राहतं, जिन्यात ओले बूट कोण काढतं, सगळं मला पाठ. ओइवाच्या नावावर इतक्या वर्षांत एकही तक्रार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा संशयच यायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस शनिवारी मार्केट्टाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. तळ्याकाठच्या लाकडी नाचघरात. सूर वाजवायचा अ‍ॅकॉर्डियन, गायची मार्केट्टा, आणि मागच्या खुर्चीवर बसून हा गिटारीवर नुसतं चक् चक् करायचा. मी आणि माझा नवरा उर्हो तिथे कैक उन्हाळे नाचलो. बँडमध्ये गिटार आहे का, असं कोणी विचारलं असतं तर मला आठवावं लागलं असतं.

"आजच काय एवढं?" मी विचारलं.

त्याने डावा हात पुढे केला. करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वाकली होती. इकडे उत्तरेच्या देशांत याला वायकिंगांचा रोग म्हणतात.

"आमच्या घराण्यात जहाज कुणाकडेच नव्हतं," तो म्हणाला. "रोग तेवढा आला. पुढच्या आठवड्यात तळवा कापून बोटं सरळ करणार आहेत. उन्हाळा हातचा गेला."

"मग बसवा कुणाला तरी बदली."

"मार्केट्टा तेच म्हणते. कुओपिओ गावचा एक गिटारवाला मोकळा आहे."

"एका उन्हाळ्याचा तर प्रश्न!"

"बदली आलेला माणूस परत गेलेला पाहिलायस कधी? मीसुद्धा बदली म्हणूनच आलो होतो."

म्हणून हा खटाटोप. सगळ्या गाण्यांतली आपली गिटार घरी रेकॉर्ड करायची, मार्केट्टाने ती नाचघरात स्पीकरवर लावायची आणि खुर्ची रिकामी ठेवायची. तालमीत जमलं तर तिची हरकत नव्हती.

तालीम बघायला मी गेले. समितीच्या अध्यक्षाला कुठेही जाता येतं. पहिल्याच टँगोत घोळ झाला. मार्केट्टाने ओळीचा शेवटचा शब्द नेहमीसारखा ओढला आणि स्पीकरमधली गिटार पुढे निघून गेली.

"थांबवा!" ती ओरडली. "मी अजून रडतेय आणि हा जेवायला बसला!"

"मी कॉम्प्युटरच्या टिकटिकीबरोबर वाजवलंय," ओइवा म्हणाला. "एक कॉर्डसुद्धा, बोटांची एक जागासुद्धा चुकलेली नाही."

"तेच तर! तू असं कधी वाजवत होतास?" मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत बघ, ओइवा. नाहीतर मला कुओपिओला फोन करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा. टोपी हातात, जसं काही मुलीला मागणी घालायला आलाय.

"तुम्ही दोघं वर याल? नाचायला. मोज्यांवर."

"कॉफी आहे?" उर्होने विचारलं. आमच्याकडचा होकार असाच असतो.

"मी टिकटिकीकडे लक्ष दिलं, तिथे चुकलं," जिन्यात ओइवा सांगत होता. "नाचघरात मी लोकांचे पाय बघतो. मार्केट्टाही पाय बघूनच शब्द ओढते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे कधी पाहिलंच नाही."

आम्ही गालिचा गुंडाळला, खुर्च्या स्वयंपाकघरात नेल्या. ओइवा गिटार घेऊन बसला, तो भिंतीकडे तोंड करून.

"रुसलास का?" मी विचारलं.

"तुमच्याकडे वळलो की गिटारीत घूं येतं."

त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि आमच्याकडे वळला. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज. कॉम्प्युटरची वीज गिटारला लागते म्हणे. भिंतीकडे वळला की चिडीचूप. उर्होने कॉम्प्युटरचं टेबल हलवून पाहिलं. घूं तिथेही हजर. शेवटी ओइवाने भिंतीकडेच तोंड केलं, आणि आम्ही त्याच्या पाठीमागे नाचू लागलो.

"कुठे आहात?" त्याने विचारलं.

"खिडकीपाशी."

"वळताय?"

"वळून झालं!"

त्याने हात तारांवर आडवा ठेवला. हा माणूस लिफ्टच्या दाराची कुरकुर ऐकून रविवारी तेलाची बाटली घेऊन येणारा. गिटारीत एवढीशी खरखर त्याला चालायची नाही.  तरी तो खुर्चीसकट आमच्याकडे वळला.

"राहू दे घूं," तो म्हणाला. "नाचा."

आम्ही नाचलो. माझं अंग उर्होच्या हातात, पण डोळे ओइवावर. तो आमच्या मोज्यांवरून नजर हलवत नव्हता. डावीकडे वळताना उर्होचा गुडघा अडकतो, जुनं दुखणं. गुडघा अडकला आणि गिटार थांबली. अर्धा श्वास, त्याहून जास्त नाही. गुडघा सुटला, गिटार निघाली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझा नवरा गुडघा दुखत असूनही ठेका सोडत नाही. बायकांना मी ते कौतुकाने सांगतही असे. ते श्रेय मला तिथल्या तिथे एका नावावरून काढून दुसऱ्यावर टाकावं लागलं. उर्होला मी अजून सांगितलेलं नाही.

सगळी गाणी झाली तेव्हा ओइवाला मूठ उघडता येत नव्हती. उर्होने त्याला कॉफीचा कप उजव्या हातात दिला.

गुरुवारी मार्केट्टा स्पीकरबरोबर गायली. घूं होतंच. ओळीचा शेवट आला, तिने नेहमीच्या जागी शब्द ओढला आणि गिटार तिच्यासाठी थांबली. ड्रमवाला मान हलवत मागोमाग गेला. गाणं संपलं.  मार्केट्टाने ओइवाची खुर्ची उचलून स्पीकरशेजारी आणून ठेवली.

जुलैत, ऐन उन्हाळ्यात, ओइवा नाचघरात आला, तो डावा हात बँडेजमध्ये घेऊन. कॉफीच्या खिडकीपाशी नाचायला थांबलेल्या पुरुषांच्या रांगेत अवघडून उभा राहिला. या बाजूला तो कधी उभाच राहिला नव्हता. बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायची पाळी आली तशी मी सरळ त्याच्यासमोर गेले.

"मला नाचता येत नाही, राईली."

"एवढे पाय बघितलेस ते काय फुकट गेले?"

फुकटच गेले होते. पहिल्याच वळणावर त्याने माझा अंगठा तुडवला, मग दुसरा, आणि दोन्ही वेळा माफी मागितली. नाचात पुरुषाचा डावा हात बाईच्या उजव्या हातात असतो. त्याचा तो जाड, पांढरा हात मी जपून धरला होता. मार्केट्टा गात होती. मागे रिकाम्या खुर्चीशेजारी गिटार वाजत होती, आणि हॉलमधलं कुणीही तिकडे बघत नव्हतं.

बँडेजच्या आत बोटं हलत होती. गिटारीतला कॉर्ड बदलायच्या जरा आधी ती माझ्या तळव्यात जागा बदलायची. दर वेळी.

मी हात सैल केला, म्हणजे त्याला जागा होईल.