दुसरी तार आहे ना!

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. दिवा लावायचं बटण नव्हे हं! जिन्याखालच्या कपाटात बसून घरभर इंटरनेट वाटणारा, आठ भोकांचा काळा डबा. त्या भोकांना पोर्ट म्हणतात. ती सकाळ आठवली की अजूनही माझी बोबडी वळते.

कारखान्यात जन्मलो, तपासनिसाने पास केलं आणि या घरी आलो. माझा जुळा भाऊ वरच्या मजल्यावर, ताईच्या खोलीत बसतो, कारण वायफाय तिथवर पोचत नाही. ताई दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचं खुणांच्या भाषेतलं बोलणं ती व्हिडिओवरून दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगते. आम्हां भावांमध्ये आधी एकच तार होती. दादा मोठमोठे सिनेमे कॉपी करू लागला की ताईचं चित्र अडखळायचं. मग मामाने दुसरी तार ओढली आणि दोन्ही पोर्टांची जोडी बांधून दिली. "आता ओझं दोघींत वाटलं जाईल, आणि एक तुटली तरी दुसरी आहेच," तो म्हणाला. तेव्हा माझं काय कौतुक झालं!

पण कौतुक चार दिवसांचं. दादाला खेळाच्या यंत्रासाठी पोर्ट हवा होता आणि माझे आठही भरलेले. "दुसरी आहे ना," म्हणत त्याने वर जाणारी एक तार उपसली. मी हादरलोच! पण काम चालू राहिलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. जोडी शाबूत असल्याचा माझा दिवा विझला होता, पण कपाटात बघतंय कोण?

आणि त्या सकाळी बाबा नवा टीव्ही जोडायला आले. "वर दोन तारा जातात, एक काढली तर काय बिघडतं?" असं पुटपुटत त्यांनी उरलेली ओढली. अहो, माझ्या तोंडचं पाणीच पळालं!

कारण वर ताई कामात होती. दवाखान्यातल्या एका आजींचे हात माझ्यापर्यंत येत होते, पण पुढे वाटच नव्हती. इतकी वर्षं असे हात वाहून मलाही खुणा कळू लागल्या होत्या. आजी जीव तोडून सांगत होत्या, हे इंजेक्शन नको, मागे यानेच माझा श्वास कोंडला होता! डॉक्टरांना काय कळणार? "घाबरू नका हं आजी," म्हणत त्यांनी सुई भरली. आजींचा निरोप माझ्या पोटात, आणि मी ठोंब्यासारखा बसलेलो!

ताई धावत खाली आली. "माझं नेट कुणी काढलं?" कपाटात दोन तारा लोंबत होत्या.

"अरे, दुसरी होती ना?" बाबा म्हणाले.

"ती तुम्हीच काढलीत, बाबा!" दादा ओरडला.

"मग पहिली कुणी काढली?"

दादा पांढराफटक पडला. ताईने हाताला येईल ती तार बाबांनी मोकळ्या केलेल्या भोकात खोचली आणि जिना चढत पळाली. आजींचे हात अजून तेच सांगत होते, ते आता वर पोचले. वरून तिचा आवाज आला, "थांबा डॉक्टर! ते इंजेक्शन नको!" तेव्हा सुई आजींच्या दंडाला टेकली होती.

आजी वाचल्या. दोन्ही तारा परत जागेवर आल्या. आता बाबा रोज चहाआधी कपाट उघडून माझे दिवे बघतात.

मित्रांनो, त्या घरात वाईट कुणीच नव्हतं, याचाच मला जास्त धक्का बसतो. "दुसरं आहे ना," असं म्हणण्याआधी ते दुसरं जागेवर आहे का, एवढं उठून बघा. मला ओरडता येत नाही हो. माझा फक्त दिवा विझतो.