एका सुताचा फरक

कौशिकचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका ट्रेलरचं चाक काढत होतो. त्याला सोहारला नवी नोकरी लागली होती आणि रुवीतलं बिऱ्हाड हलवायला छोटा ट्रेलर भाड्याने हवा होता. गाववाला असताना दुसरीकडे कशाला जाऊ, म्हणाला. मी म्हटलं, ये. फोन ठेवला आणि रागाने पाना जमिनीवर आपटला.

तीन वर्षांपूर्वी हाच कौशिक शिमग्याला गावी गेला होता. देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली, सगळं गाव भोवती जमलेलं. तिथे याने हसत हसत सांगितलं की गजाने, म्हणजे मी, मस्कतला बाई ठेवलीय, म्हणून तो लग्नाचं नाव काढत नाही. झालं. चार लोक खिदळले असतील, याचा दिवस मजेत गेला असेल. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मी आईला शपथेवर सांगितलं, तिला ते पटलंही, पण अण्णा फोन हातात घेत नसत. पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. माझ्याशी एक शब्दही न बोलता गेले. आणि कौशिक मला म्हणाला होता, अरे, गंमत केली मी. तेव्हापासून त्याचं वाटोळं झालेलं मला बघायचं होतं.

तो आला तोच रुबाबात. गाडीला मागे ट्रेलर जोडायचा हिच त्याने आधीच कुठूनतरी स्वस्तात बसवून घेतला होता. मी वाकून पाहिलं आणि एका नजरेत कळलं. ट्रेलरच्या दांड्याची वाटी दोन इंची, आणि ती ज्यावर बसते तो याच्या हिचचा बॉल त्याहून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लहान. अशा बॉलवर वाटी बसते, खटकाही लागतो, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण भरधाव जाताना एक दणका बसला की वाटी उडून बाहेर येते.

कौशिकने स्वतःच वाटी टेकवली, खटका दाबला. मग ज्या हुकात सुरक्षेची साखळी अडकवायची, त्यात खिशातून काढून लिंबू-मिरची बांधली. "बसलं की मस्त. यल्ला, चल, सोड आता."

बॉलचं मी त्याला सांगितलं नाही. उलट त्याच्यासाठी चहा मागवला. जाऊ दे, मनात म्हणत होतो. वाटेत बर्का गावाच्या पुढे संसार डांबरावर पसरला की कळेल गंमत कशाला म्हणतात.

एकटाच जाणार का, असं मी सहज विचारलं. तर म्हणाला, मी ट्रेलर घेऊन पुढे, शिवांगी तिच्या गाडीतून मागे, लेक तिच्याबरोबर. फाटकापाशी त्याची बायको गाडीत बसली होती. तिने हात केला. मागच्या काचेला नाक लावून पोरगी आमच्याकडे बघत होती.

मी चहाचा कप खाली ठेवला. सुटलेला ट्रेलर ओढणाऱ्याला फारसं काही करत नाही, मागच्याच्या अंगावर जातो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि रागाच्या भरात मीच विसरलो होतो. अण्णाही असेच याच्या गमतीच्या मागे सापडले होते.

मी दांड्याचा जॅक फिरवायला लागलो. बॉल बरोबर असता तर दांड्याबरोबर गाडीची मागची बाजूही वर आली असती. वाटी तेवढी टपकन निसटून वर आली. गाडी होती तिथेच. शिवांगी खाली उतरून जवळ आली होती. तिने ते पाहिलं.

"हा ट्रेलर शिवांगीच्या अंगावर गेला असता," मी म्हटलं. "तू कायम पुढे असतोस, कौशिक. मागे कोण मेलं ते तुला कळतही नाही."

मी ट्रेलरबद्दल बोलत नव्हतो हे त्याला समजलं. तो खाली बघायला लागला.

मी कपाटातून दोन इंची बॉल काढला, जुन्याच्या जागी बसवला, नट आवळला. लिंबू-मिरची काढून फेकली आणि साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवल्या. खटक्याची पिन तेवढी मुठीत ठेवली. माझ्या आईला फोन लाव, खोटं बोललो म्हणून सांग, मग पिन लावतो, असं त्याला सांगितलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"लाव फोन," शिवांगी म्हणाली.

त्याने लावला. काकू, माझी चूक झाली, मी खोटं बोललो, असं पुटपुटला. फोन स्पीकरवर होता.

"फोनवर नको," आई म्हणाली. "शिमग्याला ये. पालखीसमोर उभा राहा आणि जिथे बोललास तिथेच सगळ्या गावाला सांग. देवीच्या नावाने हो म्हण, नाहीतर फोन ठेव."

कौशिक अडकला. आमच्या गावचा माणूस जगात कुठेही असो, देवीच्या नावाने दिलेला शब्द मोडायची छाती त्याला होत नाही.

"देवीच्या नावाने हो," तो म्हणाला.

मी पिन लावली, जॅक फिरवून पुन्हा पाहिलं. या वेळी दांड्याबरोबर गाडीही वर आली. जड सामान चाकांच्या जरा पुढे भर, वेग आवर, असं सगळं नीट समजावून सांगितलं.

"सावकाश जा," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. शिमग्यापर्यंत तो मला धडधाकट हवा होता.