रिकामं चघळणं

नाहिदचं काम उंदरांच्या तोंडाकडे बघण्याचं होतं. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या एका औषधशास्त्र विभागात ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती. भास होणाऱ्या रोग्यांना देतात ते औषध उंदरांना महिनोन्महिने टोचत. मग एकेकाला काचेच्या पेटीत ठेवून, खायला काही नसताना तो पाच मिनिटांत किती वेळा चघळतो, ते ती मोजायची. कुठल्या उंदराला औषध आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे तिला सांगत नसत. तिचे आकडे कुणी पुन्हा तपासत नसे.

रमजानच्या नवव्या दिवशी, दुपारी, तिला हाजी खैरींचा फोन आला. त्यांच्या मिठाईच्या दुकानात तिचा धाकटा भाऊ वगदी कुनाफा, म्हणजे रमजानात हातोहात खपणारी शेवयांची मिठाई, तोलायचा. उंदरांना टोचत तेच औषध तो सात वर्षं गोळीतून घेत होता, म्हणून तर दुकानात उभा राहू शकत होता.

"भावाला घेऊन जा, पोरी. भर रोज्यात गिऱ्हाइकांसमोर चरतोय. वर नाही म्हणतो."

ती पोचली तेव्हा वगदी काउंटरमागे खाली मान घालून उभा होता. जबडा हलत होता.

"गिळ ते आणि चल," नाहिद म्हणाली.

"तोंडात काही नाही."

"घरीही हेच सांगतोस. आईनं परवा तुझे खिसे तपासले, ठाऊक आहे?"

"तूच सांगितलं होतंस तिला."

"आ कर."

रांगेतल्या माणसांदेखत त्याने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. कोरडी जीभ आपोआप वळवळत होती. नाहिदची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पहिल्या मिनिटात जबडा चौदा वेळा हलला, तेव्हा ती मोजायची थांबली.

"हाजी, हा खात नाहीये. हे औषधामुळे होतं. मी रोज बघते."

"रोज बघतेस आणि त्याला आ करायला लावतेस?" हाजी म्हणाले. मग आवाज खाली आणला. "माझा विश्वास आहे. पण या रांगेला काय सांगू? त्याच्या गळ्यात पाटी अडकवू? ईदनंतर बघू."

ईदनंतर कुनाफा कोण घेतो, हे तिघांनाही ठाऊक होतं.

घरी जाताना वाटेत वगदीने विचारलं,

"गोळी सोडली तर?"

"मागं सोडलीस तेव्हा तुला गच्चीच्या कठड्यावरून उतरवलं होतं. डॉक्टरांना दाखवू, ते बदलून देतील."

"मग तोंड थांबेल? तुझ्या उंदरांचं थांबतं?"

"सुई बंद केल्यावर तीन आठवडे मोजलं. बऱ्याच जणांचं थांबलं नव्हतं."

"आणि पुढं?"

"पुढं त्यांना मारतात. मेंदू तपासायला."

"म्हणजे थांबतं की नाही, ते कुणी बघितलंच नाही."

"मी तरी नाही."

वगदीने तोंडावर हात धरला आणि उरलेला रस्ता तसाच चालला.