आमच्या ह्यांचे यजमान

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा आमच्या घरी पाटावर बसून जेवून गेलाय. मीच वाढलंय त्याला. पुरणपोळीवर तूपही जरा जास्तच सोडलं होतं, कारण नोकरी सुटून पुण्याहून परत आलेलं पोर, पार वाळून गेलं होतं. अनिमेष त्याचं नाव. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या.

आमचे हे, चिंतामणी गुरुजी, जुळे सोलापुरात भिक्षुकी करतात. आता भिक्षुकी म्हणजे नुसते मंत्र येऊन भागत नाही, यजमान लागतात. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्धपक्ष सांगायला जायचं, ती घरं म्हणजे यजमान. आणि ही घरं टिकवायची एक रीत आहे. लोकांना वडील गेल्याची तारीख पाठ असते, तिथी नसते. बँकेतला साहेब असो की जेऊरहून येऊन इथे फ्लॅट घेतलेला शेतकरी असो, तिथी विचारली की तो बायकोच्या तोंडाकडे बघतो आणि बायको पंख्याकडे. श्राद्ध तर तिथीलाच करायचं असतं. म्हणून पाडव्याला नवं पंचांग आलं की आमचे हे फोन घेऊन बसतात. कुठल्या घराची तिथी यंदा कुठल्या तारखेला येते ते बघायचं आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये घालायचं, आठ दिवस आधी घंटी वाजेल असं. नंबराखाली त्या घराचं गोत्र, आणि वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं. घंटी वाजली की ह्यांचा फोन जाणार, "नमस्कार, चिंतामणी बोलतोय. पुढच्या बुधवारी अण्णांची तिथी आहे बरं का."

पलीकडचा माणूस एकदम ओशाळतो. "बरं झालं गुरुजी, आठवण केलीत. तुम्हीच या." झालं काम. ह्यांचा सगळा धंदा त्या एका फोनवर. धंदा म्हटलेलं ह्यांना आवडत नाही, पण मी म्हणते. घर चालतं त्यावर, आणि घर मी चालवते.

तर यंदाच्या पाडव्यानंतर एका वास्तुशांतीत ह्यांचा फोन बंडीच्या खिशातून निसटला तो थेट पाण्याच्या बादलीत. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला तेव्हा कुठे जिवंत झाला. पण ह्यांनी हाय खाल्ली. फोन गेला असता तर आपल्याला कोण ओळखतं, असं चार दिवस घोकत होते. तेवढ्यात अनिमेष आला.

"काका, त्यात काय! आपल्या घरच्या कॉम्प्युटरला सिंक करून टाकू. फोनवर लिहिलं की कॉम्प्युटरवर आपोआप दिसणार. उद्या फोन हिप्परगा तलावात टाकलात तरी यजमान बुडणार नाहीत."

कॉम्प्युटर होता आमच्याकडे. लेकीचा, देवयानीचा. ती लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि तो कोपऱ्यात झाकण घालून पडला होता. अनिमेषनं धूळ पुसली, वायरी लावल्या आणि ह्यांना विचारलं, "काका, तुमचं ईमेलचं खातं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. जसं काही मी डब्यात ठेवलंय. फोन घेताना दुकानदारानं काहीतरी खातं काढून दिलं होतं, त्याचा पासवर्ड त्या दुकानदारालाच ठाऊक.

"जाऊ दे, सध्या माझं टाकतो," अनिमेष म्हणाला. "तुमचं नवीन काढलं की बदलू."

मग तो बराच वेळ बसला. फोनमधले सगळे नंबर, सगळ्या तिथी त्यानं उचलून त्या खात्यात टाकल्या. नावं दोनदोनदा दिसायला नकोत म्हणून फोनमधली मूळची काढून टाकली. शेवटी ह्यांना म्हणाला, "आता फोनवर एक तिथी घाला बघू." ह्यांनी घातली. आणि ती कॉम्प्युटरवर उमटली! ह्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. "शकुंतले, बघ गं, बघ!" दोन-तीन वेळा घालून बघितली, पुसून बघितली. मी पोळ्या टाकून बघायला गेले, तर तव्यावरची पोळी करपली.

"बदलू" म्हणाला होता ते कधी बदललंच नाही. ह्यांनीही विचारलं नाही. घरचाच मुलगा, विचारायचं काय?

आषाढात पहिला झटका बसला. रामहरीतात्या म्हणून आमचे जुने यजमान, जेऊरकडचे, दोन मुलं इथे नोकरीला. त्यांच्या वडिलांच्या तिथीची घंटी वाजली, ह्यांनी फोन लावला. फोनचा आवाज मोठा असतो ह्यांचा, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"आवो गुरुजी, तुमचाच म्यासेज आला की परवा! पुतन्याचं नाव हाय त्यात. घरचंच पोरगं हाय म्हनून आमी व्हय म्हनलं. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"आहे, आहे," हे म्हणाले. "ठाऊक आहे."

ठाऊक कुठलं डोंबल! मग दुसऱ्या यजमानांकडेही तेच. तिसऱ्यांकडेही तेच. आम्ही आठ दिवस आधी फोन करणार, तर त्याचा निरोप दहा दिवस आधी गेलेला. मला एका यजमानीण बाईंनी तो निरोप दाखवला. वर गणपती, खाली घरपोच श्राद्ध, पूजेच्या सामानासकट, होय असेल तर एक दाबा. आणि सगळ्यात खाली काय लिहिलं होतं माहितीय? 'चिंतामणी गुरुजी परिवार'. अहो, परिवार! आमचीच माणसं, आमच्याच नावावर, आम्हाला घरी बसवून!

"तुम्ही बोला त्याच्याशी," मी म्हटलं.

"अगं, नोकरी गेलीय त्याची. करू दे काहीतरी."

"करू दे ना! स्वतःचे यजमान जोडू दे. तुम्ही चपला झिजवून जोडलेले कशाला? आयत्या बिळावर नागोबा!"

"माणसं आपणहून त्याला हो म्हणतायत."

"त्याला कुठे, तुम्हाला म्हणतायत हो! त्यांना वाटतंय तुम्हीच आहात."

ह्यांचं हे असंच. सगळ्या जगाचे पितर तृप्त करतील, पण घरात तोंड उघडून एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटी मीच अनिमेषला बोलावलं. आला, पायांना नमस्कारबिमस्कार केला, खुर्चीत बसला. मी चहाही विचारला नाही.

"काय रे, काकांचे यजमान पळवतोस?"

"काकू, असं काय बोलतेस? पळवतो काय? काकांना आता जिने चढवत नाहीत. मी चार गुरुजी ठेवलेत, ते जातात. मी सगळं मॅनेज करतो. काकांनाही कामं देईन की, जवळपासची."

"देशील? तू? काकांना?"

"अगं, आता असंच चालतं. आणि काकांनी मला स्वतःच्या हातानं फोन दिला होता. मी काय चोरी केली?"

आता तुम्हीच सांगा, ह्यावर माणसाचं डोकं फिरेल की नाही? माझं फिरलं. मी ह्यांचा फोन उचलला आणि त्याच्या पुढ्यात आपटला. "ते तुझं खातं आत्ताच्या आत्ता काढ आमच्या फोनमधून. आमच्या कॉम्प्युटरमधूनही. आमचं दिसायला नको तुला काही."

"काकू, तसं केलं तर..."

"काढ म्हणते ना!"

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून बसलेले. मग त्यानं खांदे उडवले, फोनवर बोट फिरवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि उठला. मला वाटलं, जिंकले. दार लावून आत आले तर हे फोन हातात घेऊन तसेच उभे. फोनमध्ये एकही नाव नव्हतं. कॅलेंडर उघडलं, तर पुढचे सगळे महिने कोरे. सगळं त्याच्या खात्यात होतं ना, ते खात्याबरोबर गेलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि ते धुपाटणं मी स्वतः ओढून आणलं.

मी लगेच अनिमेषला फोन केला. म्हणजे देवयानीकडून त्याचा नंबर घेऊन केला, कारण तोही गेलेला. म्हणाला, "काकू, मी तेच सांगत होतो, तू ऐकूनच घेतलं नाहीस. शांत हो, आज पाठवतो सगळं." आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. सर्व्हर बिझी आहे, गावाला आहे, गुरुजींची मीटिंग आहे. गुरुजींची मीटिंग! मी दिरांनाही सांगून बघितलं. ते म्हणाले, "वहिनी, मुलांच्या व्यवहारात मी पडत नाही." पोराच्या नोकरीसाठी नवस बोलायला मात्र भावजी स्वतः पडले होते.

पितृपक्ष आला. पितृपक्षात आमच्या ह्यांना जेवायला फुरसत नसते एरवी. पहाटे स्कूटरवर बसले की दुपार कलते घरी यायला. यंदा हे गॅलरीत बसून पेपर वाचत होते. तोच पेपर, पुन्हा पुन्हा. आठवतील ती घरं एकदा चालत जाऊन विचारूनही आले. बहुतेक सगळीकडे आधीच कोणीतरी बसून मंत्र म्हणत होतं. एका घरी तर ह्यांना जेवूनच जा म्हणाले. ब्राह्मण म्हणून. हे जेवून आले. मला सांगितलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. ह्यांच्यासमोर नाही रडले, ह्यांना वाटेल मी ह्यांच्यावर चिडलेय.

पुढे मार्गशीर्षात एका सकाळी ह्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबरावरून निरोप. ह्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि फोन माझ्याकडे दिला.

'सप्रेम नमस्कार यजमान. आपले कै. वडील गोविंदभट यांची तिथी दशमी, शुक्रवारी आहे. पुरोहित व साहित्यासाठी एक दाबा.'

वर तोच गणपती. खाली तोच परिवार.

गोविंदभट म्हणजे माझे सासरे. ह्यांनी कॅलेंडरमध्ये स्वतःच्या वडिलांची तिथीही बाकीच्यांसारखीच घातली होती, नंबर स्वतःचा, गोत्र स्वतःचं, तीन पिढ्यांसकट. मशीनला काय कळतंय? त्यानं ह्यांनाही यजमान करून टाकलं.

"मेल्याला लाज वाटायला हवी!" मी ओरडले. "अहो, स्वतःचा आजा आहे त्याचा! कडेवर घेऊन फिरवलेलं त्यांनी ह्याला!"

ह्यांनी फोन मागून घेतला आणि एक दाबला.

"अहो, काय करताय हे?"

"पुरोहित तर लागतोच. माझ्या वडिलांचं श्राद्ध मलाच कसं सांगता येईल?" मग म्हणाले, "निरोप मशीननं पाठवला असेल. पण होय म्हटल्यावर नाव तो वाचेलच ना. आजोबांचं नाव वाचून तरी येईल स्वतः."

खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. राग राग केला तरी मनात कुठेतरी वाटलंच, येईल. पोरगं आहे, चुकलंय, आजोबांच्या नावानं तरी उंबरा चढेल. शुक्रवारी मी पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला. खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी, कढी. गवारीची भाजी त्याला आवडते म्हणून जरा जास्त केली. दिरांनी गुडघ्याचं निमित्त सांगून येत नसल्याचं कळवलं होतं. हे अंघोळ करून सोवळं नेसून दाराकडे तोंड करून बसले होते.

बेल वाजली. हे माझ्याही आधी उठले.

दारात एक अनोळखी गुरुजी. दुधनीकडचे, बोलण्यात कानडी हेल. हातात सामानाची पिशवी. आत बघून विचारलं, "यजमान कोण?"

"मी," हे म्हणाले, आणि आत जाऊन यजमानाच्या पाटावर बसले.

माणूस वाईट नव्हता हो, उगाच का बोलू? मंत्र स्वच्छ होते. फक्त नावं फोनमध्ये बघून वाचत होता. गोत्र वाचलं, वडील वाचले, आजोबा वाचले. पणजोबांच्या नावापुढे ह्यांनी 'घरी बापू म्हणत' असं लिहून ठेवलं होतं, तर त्यानं तेही संकल्पात म्हटलं. ह्यांनी स्वतः टाइप केलेला शब्द न् शब्द तो ह्यांनाच वाचून दाखवत होता, आणि हे हात जोडून ऐकत होते. एके ठिकाणी तो अडखळला तेव्हा ह्यांच्या तोंडून पुढचं आपोआप आलं.

"तुम्हाला सगळं येतंय की हो!" तो हसून म्हणाला.

"ऐकून ऐकून," हे म्हणाले.

पिंडदान झालं. तुळस, फुलं वाहून झाली. गुरुजींनी ह्यांना पाणी सोडायला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता घरातल्या सगळ्यांनी पिंडांना नमस्कार करून घ्या. मुलंबाळं कोण आहेत का? नातू वगैरे? असला तर बोलवा त्याला."

हे पिंडांकडे बघत बसले होते. मला वाटलं, आता तरी बोलतील.

"नातू आहे की एक," मी म्हटलं. "त्यानंच पाठवलंय तुम्हाला."