कुंचीतला वरवंटा

अक्षयाने वरवंटा मागितला तेव्हा सुचेताने फोनवर सरळ थाप मारली. घर बदलताना तो कुठे गेला कोण जाणे, म्हणाली. परदेशातल्या, स्लाऊ गावातल्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये एखादी वस्तू हरवायची म्हटली तरी जागा नव्हती. वरवंटा कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल कुंची घालून चांगला आडवा झाला होता.

तीनेक वर्षांपूर्वी सुचेताला दिवस गेले, तेव्हा सासूबाई पुण्याहून तो काळा दगड सामानात घालून घेऊन आल्या. त्याच्या वजनापायी लोणच्याची बरणी घरीच राहिली. इथे मिक्सर आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण वरवंट्याशिवाय बारसं कसलं? त्याला बाळासारखी कुंची घालायची, बायकांनी तो पाळण्याखालून, वरून एकमेकींच्या हातात द्यायचा, आणि मग बाळाला पाळण्यात ठेवायचं. बाळाला दगडासारखं टणक आयुष्य मिळावं म्हणून. कुंचीही सासूबाईंनीच शिवली होती.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. सासूबाई परत जाताना वरवंटा न्यायचा विसरल्या की मुद्दाम ठेवून गेल्या, हे सुचेताने कधी विचारलं नाही.

आता जवळच्याच हाउन्सलोच्या अक्षयाला, तिच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला, मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. सुचेताच्या नवऱ्याने, प्रणवने, थाप ऐकली होती. शनिवारी तो तिला एका संग्रहालयात घेऊन गेला. तिथे आदिम माणसांची वाद्यं हात लावून वाजवायला ठेवली होती. इथे तरी लहान मुलं नसतील, असा बिचाऱ्याचा अंदाज. दारातच बाबागाड्यांची रांग लागलेली पाहून त्याचा चेहरा पडला.

हाडांच्या बासऱ्या होत्या, दोरीला बांधून गरगर फिरवली की घुमणारी लाकडी पट्टी होती. सुचेता नुसतीच बघत पुढे सरकत होती. शेवटच्या टेबलापाशी मात्र ती थबकली. तिथे चक्क वरवंटा होता.

टेबलामागच्या वयस्कर बाईंनी सांगितलं, की आफ्रिकेच्या वाळवंटात सापडलेले असे लांबट दगड वाटायचे दगड म्हणून कपाटात पडून होते. मग कुणीतरी एक मऊ आधारावर ठेवून वाजवला, आणि तो गायला लागला. हा त्यातल्याच एकासारखा घडवलेला. सुचेताने तो मुठीत उचलून त्यावर लाकडी काठी मारली. नुसतं ठक झालं.

"इतका घट्ट धरलात तर तो गाणार नाही," बाई म्हणाल्या. "खाली ठेवा आणि हात काढून घ्या."

घरी आल्या आल्या सुचेताने वरवंटा खाली काढला, पहिल्यांदाच कुंची सोडली, दोन टॉवेलांच्या वळकट्या करून त्यांवर दगड ठेवला आणि लाटण्याने हलकेच मारलं.

बारीक, स्वच्छ आवाज निघाला आणि जरा वेळ खोलीत राहिला.

सुचेताचं बाळ रडलंच नव्हतं. एकदा, फक्त एकदा त्याचा आवाज कानावर पडायला हवा होता, बाकी तिचं काही मागणं नव्हतं. आजही एवढंच हवं होतं, आणि ते आता कुठूनही मिळणार नव्हतं. दारात उभ्या प्रणवचेही डोळे भरले होते.

"परत वाजव ना," तो म्हणाला.

तिने वाजवला. मग अक्षयाला फोन लावला.

"मी खोटं बोलले गं. वरवंटा घरीच होता. मला द्यायचा नव्हता."

"कळलं होतं मला," अक्षया म्हणाली. "तूच घेऊन ये. आणि प्लीज लवकर ये, हेल्प लागणारे मला."

रविवारी बायका पाळण्याभोवती जमल्या. वरवंट्याला कुंची घालून झाली होती. तो पहिल्यांदा सुचेताच्याच हातात असावा, असं अक्षयाने बजावलं होतं. पाळण्यापलीकडे अक्षयाची आई, श्यामलाकाकू, हात पसरून वाकल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"किती गोड कुंची आहे! कुणाच्या बाळाची गं?"

"माझ्या," सुचेता म्हणाली. तिने वरवंटा पाळण्याखालून त्यांच्या हातात दिला आणि आपले हात काढून घेतले.