जेवलो नाय

ज्या माणसाचा भात डॉक्टरनं बंद केला आहे, तो माणूस एकदा सांभाळून बघावा. मी सांभाळला आहे. त्यापेक्षा भर उन्हात खडी फोडणं परवडलं.

आमचे धनी जव्हार दरबारचे जासूद. कचेरीचं टपाल घेऊन जव्हारहून मोखाड्याला चालत जायचं, तिकडचं घेऊन परत यायचं, हे त्यांचं काम. घर साखरशेतात, भाताची खाचरं आणि वर माळावर थोडी नाचणी. सगळं गाव त्यांना मंगळूभाऊ म्हणतं. त्या वर्षी श्रावणात त्यांच्या अंगठ्यात करवंदीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम काही सुकेना. झाडपाला बांधला, हळद भरली, भगताकडून अंगारा आणला. भाद्रपदात जखमेला वास यायला लागला तेव्हा मी काही न ऐकता त्यांना बैलगाडीत घातलं आणि जव्हारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर परमुलखातला, तरुण. त्यानं जखम बघितली आणि विचारलं काय, तर तहान फार लागते का, आणि लघवी करतात तिथं मुंग्या येतात का. मला वाटलं, याला वेड लागलं आहे. पण मुंग्या येत होत्या. गोठ्यामागं त्यांच्या बसण्याच्या जागी मुंग्यांची रीघ असायची, आणि मी त्यावर राख टाकून टाकून कंटाळले होते.

"अंगात साखर झाली आहे," डॉक्टर म्हणाला. "भात बंद. गूळ बंद. गहू जाडसर भरडा आणि त्याच्या कण्या शिजवून घाला. कण्या थोड्या, भाजी आणि डाळ जास्त. मुंग्या यायच्या थांबल्या की साखर उतरली समजा. नाही उतरली तर पाय घोट्यापासून कापावा लागेल, आणि तोही इथं नाही, ठाण्याला नेऊन."

मी सगळं दोनदा विचारून घेतलं. आणि हे? परत येताना गाडीत बसून हसत होते.

"डॉक्टर लोक धाक घालतात गं. पोरांना बागुलबुवा दाखवतात तसा." मग जरा वेळानं म्हणाले, "पण गावात कोणाला बोललीस तर तुला माझी शपथ हाय. जासूद लंगडा होणार म्हटलं की कचेरीत दुसरे दहा जण उभे राहतील."

मी शपथ घेतली. काय करणार? कचेरीत काटा लागलाय एवढंच सांगून त्यांनी रजा काढली.

गहू आमच्याकडं पिकत नाही. माझा भाऊ भिका मोखाड्याला असतो, त्याची बैलगाडी त्र्यंबकाकडून घाटातून माल आणते. त्यानं एक पोतं आणून टाकलं. मग माझं जातं सुरू झालं. गहू निवडायचा, पाण्याचा हात लावून फडक्यावर सुकवायचा, जात्याच्या मधल्या खिळीला चिंधी गुंडाळून वरचा दगड जरा उचलून घ्यायचा आणि भरडायचा. पीठ चाळून वेगळं काढायचं, उरतात त्या कण्या. ऐकायला सोपं वाटतं. खांदे माझे भरून यायचे.

पहिल्या दिवशी ताट पुढं ठेवलं तर म्हणाले, "हे काय?"

"कण्या."

"माझ्यापुढं कण्या? मी काय कोंबडी हाय?"

आमच्याकडं कण्या म्हणजे तांदूळ सडताना निघालेली चुरी. ती कोंबड्यांना टाकतात, नाहीतर पेजेत जाते. मी म्हटलं, गव्हाच्या आहेत, जरा खाऊन तर बघा. खाल्ल्या. म्हणाले, "गहूच घालायचाय तर गूळ तरी टाक, लापशी होईल." डॉक्टरनं गूळ बंद केल्याचं या माणसानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं!

मीही हट्टाला पेटले. कण्या आधी तेलाच्या हातावर खमंग भाजून घेतल्या, म्हणजे चिकट होत नाहीत. एक दिवस तुरीची डाळ आणि दुधी घालून खिचडी केली. एक दिवस कुर्डूची कोवळी पानं चिरून घातली. एक दिवस ताकात शिजवल्या आणि वरून लसणीची चरचरीत फोडणी दिली. शेवग्याचा पाला घातला, पडवळ घातलं, सुकट भाजून कालवली. पुढं पुढं तर मला त्या आवडायला लागल्या, खोटं कशाला बोलू? ह्यांचं मात्र चालूच. आज कचकच लागतात, आज घशात अडकतात, आज गुरांच्या आंबोणाचा वास येतो.

आणि मग एकाएकी कुरकुर थांबली. चार घास मुकाट खायचे, "बरं झालंय" म्हणायचे, हात धुवायचे आणि काठी घेऊन निघायचे.

"कुठं?"

"जरा पाय मोकळा करून येतो."

पाय मोकळा करायचा म्हणे! त्याच पायावर भार देऊ नका म्हणून डॉक्टरनं बजावलेलं. पण माणूस निदान खातो तरी आहे, म्हणून मी गप्प बसले. मला वाटलं, आला शहाणपणा. जखम मात्र तशीच, उलट जास्तच ओली. रोज सकाळी मी गोठ्यामागं जाऊन वाकून बघायची. मुंग्या हजर. एका मुंगीला म्हणून दुसरीकडं काम नव्हतं. देवाला हात जोडले, डॉक्टरला शिव्या घातल्या, जात्यात काही चुकतंय का म्हणून कण्या आणखी जाड भरडून बघितल्या.

मग एक दिवस विहिरीवर शेजारची सुकरी म्हणाली, "कमू, रागावू नको. पण मंगळूभाऊला दोन घास घालायला तुला जड जातात का गं?"

"म्हणजे?"

"रोज येतो बिचारा. ओट्यावर बसतो. मी इचारते, जेवलास का भाऊ? नाय म्हंतो. मग मी वाढते."

"आमच्याकडं पण येतो," पारू म्हणाली.

"आमच्याकडं दिवस मावळायला," लाडकी म्हणाली. "परवा दोनदा भात मागितला. भुकेला होता गं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गावभर माझी अब्रू चुलीत, आणि ह्यांच्या पोटात तीन घरचा भात! कळशी तशीच टाकून मी घरी आले. हे ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"तुम्ही गावभर जेवलो नाही म्हणून सांगत फिरता?"

"सांगत नाय फिरत. कोणी इचारलं तर सांगतो."

"मग मी दुपारी काय वाढलं होतं?"

"कण्या."

"त्या खाल्ल्यात ना?"

"खाल्ल्या."

"मग?"

"मग काय? खाल्ल्या. जेवलो नाय." वर आवाज चढवून म्हणाले, "मी दरबारचा माणूस हाय. खोटं नाय बोलत."

यावर मी काय डोकं आपटून घेऊ? कारण चीड आणणारी गोष्ट ही, की ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडं भाकरी खाल्ली म्हणतात, लापशी खाल्ली म्हणतात, जेवलो म्हणतात ते फक्त भाताला. ताटात शीत नाही तर ते जेवण नाही. कोणाच्या लग्नात पोटाला तडस लागेपर्यंत पुऱ्या खाऊन आलेला माणूसही घरी येऊन जेवलो नाय म्हणतो, आणि बायको निमूट भात टाकते. मीही टाकला आहे. आणि दारात आलेला माणूस जेवलो नाय म्हणाला की त्याला तसंच पाठवायचं नाही, हेही आमच्याकडं सगळ्यांना पाळण्यातच शिकवलेलं.

तरी मी गेले. पारूच्या ओट्यावर सुकरी, लाडकी, पलीकडच्या घरची रामी, सगळ्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "त्यांना भात घालू नका. भात त्यांना सोसत नाही."

सुकरी हसलीच. "भात कोणाला सोसत नाय? आजारी माणसाला आपण पेज देतो की."

"तू म्हंतेस ते असंल," पारू म्हणाली, "पण माणूस दारात उभा राहून जेवलो नाय म्हंतो, तवा मी काय तोंड फिरवू? पाप लागंल मला."

मी समजावलं, हात जोडले, भांडले. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं काही मी नवऱ्याचे घास मोजणारी कैदाशीण. रामी तर तोंडावर म्हणाली, "तुझ्या घरात गव्हाचं पोतं आल्यापासून तू बदललीस."

तेव्हा माझा तोल सुटला. गेली ती शपथ खड्ड्यात. मी ओरडले, "पाय कापणार आहेत त्यांचा! घोट्यापासून! ठाण्याला नेऊन कापणार आहेत! तुम्ही भात घालता ना, एकेका वाढपासरशी तुम्ही त्यांचा पाय कापता!"

आणि मग मला रडू फुटलं. इतके दिवस एकटीनं मनात धरून ठेवलं होतं. मला फार भीती वाटत होती. तो पाय त्यांना किती हवा होता तेही मला माहीत होतं. चालणं सोडून त्या माणसाला दुसरं काही येत नाही.

 सुकरीनं पदराचा बोळा तोंडाला लावला.

डोळे पुसून मी घरी गेले आणि कण्यांची टोपली घेऊन परत आले. प्रत्येकीच्या सुपात ओतल्या. म्हटलं, "दारातून तसंच नका पाठवू. घाला पोटभर. पण हे घाला. आधी भाजा, मग तिप्पट पाणी, भाजी असेल ती टाका, आणि झाकण ठेवा." माझ्या कित्येक दिवसांच्या भरडण्याचा एका दुपारी फडशा पडला.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं झालं. चार घास, बरं झालंय, काठी. मी सूप घेऊन ओट्यावर गहू निवडत बसले.

नेहमीपेक्षा फार लवकर परत आले. घामाघूम, कपाळाला आठ्या.

"गावाला झालंय काय?" म्हणाले. "पारूकडं करपलेल्या कण्या. लाडकीकडं निम्म्या कच्च्या, दाताखाली खडे आल्यासारख्या. रामीनं तर मीठच नाय घातलं. आणि सुकरी..."

 काठी कोपऱ्यात ठेवली.

"सुकरी वाढताना रडत होती. का रडत होती ती?"

मी गहू निवडत राहिले.

"तू बोललीस."

"बोलले."

"शपथ घातली होती मी तुला."

"घातली होती. शपथेचं पाप माझं. पाय तुमचा."

ते खाली बसले. अंगठ्यावरची पट्टी सोडून बघितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरंच कापतील?"

संतापानं मला काही सुधरेना. मी जातं ओढून खांदे मोडून घेतले, मुंग्या बघायला वाकून वाकून कंबर धरली, शंभर वेळा कानीकपाळी ओरडले. त्यातलं यांच्या कानात काही शिरलं नाही, आणि शेजारणीनं दोन टिपं गाळली तेव्हा खरं वाटलं! जीभ शिवशिवत होती. पण त्यांचा चेहरा बघितला, तो पांढराफटक झाला होता. मी एवढंच म्हटलं, "हो. कापतील."

"मग वाढ," ते म्हणाले. "त्या सगळ्यांत तुझ्याच बऱ्या."

मी वाढलं. भाजी जास्त, कण्या थोड्या. त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि कुठंही गेले नाहीत.

दसऱ्याच्या आसपास मुंग्या विरळ झाल्या आणि मग यायच्या थांबल्या. जखम भरायला आणखी वेळ लागला. अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. भिकानं आणखी पोतं आणलं, मी भरडत राहिले, आणि ते रोज काहीतरी खुसपट काढत राहिले, कधी मिठावरून, कधी फोडणीवरून. दिवाळीनंतर डॉक्टरनं हो म्हटलं तेव्हा त्यांनी टपालाची पिशवी खांद्याला लावली. मी कण्यांचं गाठोडं हातात दिलं, तर म्हणाले, "एवढं ओझं कशाला?" आणि दोन्ही पायांनी चालत मोखाड्याच्या रस्त्याला लागले. मी दारात उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होते, आणि तेवढा वेळ तरी मला त्यांचा राग आला नाही.